दरसाल तोकडी पडणारी दोरी

मी औसा तालुक्यातली. अठ्ठावीस वर्षं ग्रामसेविका म्हणून नोकरी केली आणि ती सगळी टँकर, चारा आणि कोरड्या बोअरच्या मागे धावण्यात गेली. निवृत्त झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी पायाची भिंगरी काही सुटली नाही. म्हणून आता एका प्रशिक्षण संस्थेकडून गावोगाव जाते. ग्रामपंचायत पुढच्या वर्षाचा आराखडा करते ना, त्यात गटार, रस्ता, समाजमंदिर यांच्या जोडीला बदलत्या हवामानाचे धोकेही धरायचे. ते कसे ओळखायचे, हे गावकऱ्यांबरोबर बसून ठरवायचं, असं माझं काम. गेल्या दिवाळीनंतर मला पाच दिवसांसाठी मावळात धाडलं, तेव्हा सून हसायलाच लागली. म्हणाली, "आई, तुम्ही पावसाचा धोका मोजणार? आपल्याकडे पाऊस आला की तुम्ही अंगणात जाऊन उभ्या राहता!" खरंच होतं तिचं. मी पिशवीत ज्वारीचं पीठ आणि शेंगाची चटणी भरली आणि निघाले.

ज्या गावाबद्दल लिहिते आहे त्याचं नाव मात्र लिहिणार नाही. एका म्हातारीला तसा शब्द दिला आहे. तिकोणा पेठेच्या पुढं, पवनेच्या पाण्याकडेनं जाणाऱ्या रस्त्यावर ते आहे, एवढं पुरे.

लोणावळा

पहिला दिवस लोणावळ्यात गेला आणि तो नेमका शनिवार निघाला. गाड्यांची अशी रांग की मला वाटलं पुढे कुणाची वरात चालली आहे. रिक्षावाल्यानं इंजिन बंद करून निवांत तंबाखू मळायला घेतली. म्हणाला, "मॅडम, शनिवार-रविवार आम्ही रिक्षा लावून चालतच घरी जातो." मग मीही उतरले आणि पिशवी सांभाळत चालत सुटले. दोन्ही बाजूंना चिक्कीची दुकानं. औशाच्या बाईला शेंगदाण्याचं कौतुक ते काय, तरी पाव किलो घेतलीच.

प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पडद्यावर उपग्रहावरून केलेला मोठा नकाशा लावला होता. लाल म्हणजे दरडीचा धोका, पिवळा म्हणजे मध्यम, हिरवा म्हणजे निर्धास्त. एक हुशार इंजिनिअर मुलगी तो समजावून सांगत होती. माझ्या वाट्याचं गाव हिरव्यात होतं. त्या गावाच्या वर डोंगरात ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, असं कागदावर वाचलं होतं, म्हणून मी विचारलं, "बाळ, वाडी कुठं आहे यात?"

ती पडद्याजवळ गेली, डोळे बारीक करून बघितलं आणि प्रामाणिकपणे म्हणाली, "मॅडम, एवढी लहान वस्ती या नकाशात दिसतच नाही. म्हणून तर तुम्हाला पाठवतोय."

मला ती पोरगी फार आवडली. आमच्या वेळी कुणी असं कबूल केलं नसतं. मी तर स्वतः कित्येक वाड्यांचे कागद टेबलावर बसून भरले आहेत, खोटं कशाला बोलू.

आबांच्या घरी

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दुधिवरे खिंड ओलांडली आणि खाली पवनेचं पाणी दिसलं. एवढं पाणी, तेही नोव्हेंबरात! मी खिडकीला नाक लावून बघत बसले. शेजारच्या बाईला वाटलं मला गाडी लागली आहे. तिनं आवळासुपारी काढून दिली.

माझी सोय यशवंत आबांकडे केली होती. आबा माजी सरपंच, सत्तरीच्या पुढचे, गावातले मोठे जमीनवाले. थोरला मुलगा आंबीला कारखान्यात जातो, शेती अजून आबाच बघतात. मी पोचले तेव्हा ते खाचराच्या बांधावर उकिडवे बसून कापलेल्या भाताकडे बघत होते. दोन दिवसांपूर्वी अवेळी सर येऊन गेली होती. वाळायला पसरलेल्या कडपा भिजल्या होत्या आणि लोंबीवरच दाण्यांना मोड आले होते.

"पाऊस कमी न्हाई झाला, बाई," आबा म्हणाले. "त्याचं टायमिंग गेलंय. पायजे तवा न्हाई आन् नको तवा हाय."

त्यांनी एक लोंबी माझ्या हातावर ठेवली. हिरवेगार कोवळे मोड. आमच्याकडे दाणा रुजावा म्हणून जीव टांगणीला लागतो आणि इथे दाणा रुजला म्हणून माणूस तोंड पाडून बसलेला.

दुपारी मावशींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, पावट्याची आमटी, इंद्रायणीचा वाफाळता भात आणि तांदळाची भाकरी वाढली. भाताचा वास घरभर. पण ती पांढरी भाकरी! मऊ, पातळ, तोंडात गेली की संपली. मी म्हटलं, "मावशी, ही भाकरी आहे की पापड? आमची ज्वारीची भाकरी खाल्ली की माणूस संध्याकाळपर्यंत हलत नाही."

"म्हणूनच तुमचे गुडघे धरल्यात," मावशी म्हणाल्या. आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

वाडीवर

जेवण झाल्यावर वाडीवर निघाले. सोबत ग्रामसेवक भाऊसाहेब आणि वाडीची अंगणवाडी सेविका सुनंदा. भाऊसाहेब तरुण, चांगला, पण त्याच्याकडे चार गावं. त्यामुळे तो चालतानाही फोनवर पळत असतो. सुनंदा तिशीची, चढणीवरही न दमता बोलत होती. तिची अंगणवाडी म्हणजे तिच्याच घराची पडवी. चौदा पोरं, एक वजनकाटा, खाऊच्या पिशव्या आणि कोपऱ्यात शेळी. नवी इमारत मिळावी म्हणून ती किती वर्षं मागे लागली होती आणि यंदा ती आराखड्यात आली होती. जागाही ठरली होती. सुनंदाच्या घराच्या खालच्या अंगाला, जेमतेम तीस पावलांवर, वाडीतली एकुलती एक सपाट जागा.

"हितं बाई, हितं खिडकी," ती मोकळ्या जमिनीवर उभी राहून मला दाखवत होती. "आन् हितं पोरांना हात धुवायचा नळ." एवढी खूष होती की मलाही ती खिडकी दिसायला लागली.

तेवढ्यात सर आली. पाच मिनिटांची, पण मला नखशिखान्त भिजवून गेली. भाऊसाहेब खाली पळाला. मी घराच्या मागं गेले तर उताराला दोन खुंट्यांमध्ये घायपाताची एक दोरी ताणून बांधलेली. अगदी तारेसारखी ताठ. म्हटलं, बरं झालं. ओढणी पिळली आणि टाकली दोरीवर.

"ए बाई! काढ ते! काढ आदी!"

मागून एक म्हातारी धावत आली. ही चांगुणा आजी, सुनंदाची सासू. हातभर उंचीची, पण आवाज डोंगर दणाणेल असा. तिनं ओढणी काढून माझ्या हातात कोंबली, दोरी दोन बोटांनी हलकेच चाचपली, दोन्ही खुंट्या हलतात का बघितलं आणि मगच माझ्याकडे वळली.

"तुटली असती म्हंजे?"

मी वरमले, पण मनातून चिडलेही. अहो, दोरीच ती. माझी ओढणी काय दगडांची होती? आजीनं मग चुलीपुढं बसवून कोरा चहा दिला, ओढणी चुलीवरच्या बांबूवर वाळत घातली. पण दोरीबद्दल अवाक्षर नाही.

संध्याकाळी वाडीतली माणसं अंगणात जमली. मी रांगोळीनं जमिनीवर वाडी काढायला लावली. घरं, झरा, वाट, देव, सगळं बायकांनी झरझर काढलं. मग प्रश्न विचारले. दरड पडण्याचा धोका? बायका रांगोळीच्या रेषा नीट करत राहिल्या. मी पुन्हा विचारलं. सगळ्यांनी आजीकडे बघितलं.

आजी म्हणाली, "न्हाई. काय धोका न्हाई हितं."

"न्हाई, न्हाई," बाकीचे म्हणाले. मी कागदावर तसं लिहिलं. वरती हिरवा नकाशा, खाली हिरवा कागद. काम सोपं झालं होतं.

दोरीचं दुसरं टोक

तिसऱ्या दिवशी सकाळी कागदावर दोघांचे अंगठे घ्यायचे राहिले होते म्हणून मी एकटीच वर गेले. सुनंदा पोरांना गाणं म्हणून दाखवत होती. आजी मागं उताराला होती. दोरी खुंटीवरून सोडलेली आणि आजी तिला एक नवा तुकडा गाठवत बसली होती.

मला बघून तिनं तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "आलीच हायस तर धर त्ये टोक."

मी टोक धरून खालच्या खुंटीपाशी बसले. आणि तेव्हा पायाखाली बघितलं. दोन खुंट्यांच्या मधून, गवताखालून, एक भेग गेली होती. सरळ, घराच्या एका अंगापासून पार करवंदीच्या जाळीपर्यंत.

आजी हात चालवता चालवता बोलायला लागली. तिचा नवरा धोंडू ऐन तरुणपणी खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या कामावर होता. पावसाळ्यात रुळाच्या कडेनं गस्त घालायची, वरून धोंडा सुटतो का बघायचं. तिथं तो एक गोष्ट शिकला. डोंगराला भेग दिसली की दोन्ही अंगांना खुंट्या ठोकायच्या आणि मधे दोरी बांधायची. डोंगर बोलत नाही, दोरी बोलते. म्हातारपणी घरामागं भेग दिसली तेव्हा त्यानं तेच केलं. तो गेला, दोरी आजीकडे राहिली.

"पाऊस सरला की बघते म्या. ताठ झालेली आसती, न्हाई तर तुटलेली. मंग तुकडा जोडायचा. दरसाली तोकडी पडती."

मी गाठी मोजल्या. पहिला जोडलेला तुकडा चार बोटांचा होता. त्यानंतरचे वाढत गेलेले. आज ती जोडत होती तो चांगला वीतभर.

मी खाली बघितलं. तीस पावलांवर सुनंदाची ती सपाट जागा.

"आजी, मग काल नाही का म्हणालात?"

"व्हय म्हनलं आसतं तर काय केलं आसतंस? कागुद भरला आसतास. मंग साहेब येनार, म्हननार उटा हितनं. लांब कुटंतरी पत्र्याच्या खोलीत नेऊन टाकनार. माजी नाचनी हितं, करवंदं हितं, म्हातारा हितं पुरलाय. तितं काय करू, पत्र्याकडं बघत बसू?"

तसे पत्रे मी पाहिले आहेत. दोन महिन्यांसाठी म्हणून नेलेली माणसं वर्षानुवर्षं त्यात राहिलेली पाहिली आहेत. आजी घाबरट नव्हती, शहाणी होती. म्हणून तर मला रडायला आलं.

"आणि पोरं?" मी एवढंच म्हटलं.

पडवीतून गाण्याचा आवाज येत होता. चौदा पोरं एकदम ओरडली की कळतच होतं. आजीच्या हातातली गाठ थांबली.

"सुनंदाला म्या बोलले न्हाई," ती म्हणाली. "तिला वाटतंय दोरी म्हंजे सासऱ्याची आठवन. ती लय खूष हाय. ही जागा न्हाई म्हनलं तर दुसरी कुटं हाय? इमारतच जायाची."

मी म्हटलं, "आजी, तुमची दोरी आहे. मी यातलं एक अक्षर बोलणार नाही, गावाचं नावसुद्धा कुठं सांगणार नाही. पण उद्या ग्रामसभेला तुम्ही यायचं."

तिनं टोक माझ्या हातातून घेतलं आणि खुंटीला बांधलं.

त्या दिवशी मावशींनी हौसेनं माझ्या पिठाच्या भाकऱ्या केल्या, पण मी अर्धी तशीच ठेवली. शब्द तर देऊन बसले होते. आजी आली नाही तर? मी गप्प बसून त्या जागेवर सही होताना बघणार होते का? आबांनी विचारलं, "बाई, बरं न्हाई का?" मी म्हटलं, भाकरी जड झाली.

ग्रामसभा

सभा देवळाच्या मंडपात होती. पुरुष आत, बायका खांबांच्या पलीकडे. आमच्याकडेही तसंच बसतात, त्याबद्दल बोलायला गेले तर वेगळा लेख होईल. वाडीचे लोक पायऱ्यांवर. आजी दिसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

भाऊसाहेब एकेक काम वाचत गेला. रस्ता झाला, दिवे झाले. मग "वाडी येथे अंगणवाडी इमारत बांधणे." जागा वाचून दाखवली. आबा म्हणाले, "चांगली सपाट जागा हाय, हाना पुढं." भाऊसाहेबानं पान उलटायला बोट ओलं केलं.

"थांब रं," पायरीवरून आवाज आला.

आजी उठली. बायकांच्या बाजूनं न जाता सरळ मंडपाच्या मधोमध आली. पदराआडून दोरी काढली आणि फरशीवर लांब पसरली. एका टोकाला स्वतः बसली.

"माज्या घरामागं जिमीन सरकती. हा पैल्या सालचा तुकडा. ह्यो दुसऱ्या सालचा." ती बोट ठेवत पुढं पुढं सरकत होती. "आन् ह्यो औंदाचा. जागा खाली हाय. पोरं तितं नगं."

पायरीवर सुनंदा उभी राहिली होती, तोंडावर पदर धरून. तिची खिडकी, तिचा नळ, सगळं तिच्या डोळ्यांसमोर मोडत होतं. मला तिच्याकडे बघवेना.

आबा उठून आले. वाकले आणि गाठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"धोंडूची गाठ," ते म्हणाले. "आमी संगट गेलतो घाटात. म्या म्हयन्यात पळून आलो. त्यो ऱ्हायला." मग आजीकडे बघून, "चांगुणे, एवडी सालं बोलली न्हाईस ती?"

"तुमी वर कदी आला आबा इचारायला?"

आबांनी गाठीवरून अंगठा काढला. भाऊसाहेब हळूच म्हणाला, की दुसरी जागा आजच ठरावात आली नाही तर काम रद्द होईल. आता गावात सुरक्षित सपाट जागा म्हणजे शाळेशेजारचं शेत. ते आबांचं. त्यावर पुण्याच्या बंगलेवाल्यांचा डोळा, हे सगळ्यांना ठाऊक. सगळे फरशीकडे बघायला लागले. आबाही.

खांबांपलीकडून मावशींचा आवाज आला, "द्या की ओ! नुसतं गवत तर कापता तितलं."

आधी एक जण हसला, मग सगळा मंडप. आबा लाल झाले, टोपी काढली, पुन्हा घातली. "लिव्हा," ते भाऊसाहेबाला म्हणाले. "दोन गुंठे. पर रस्त्याच्या बाजूचं न्हाई, आतलं." मावशींनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. "बरं, रस्त्याच्या बाजूचं," आबा म्हणाले.

सुनंदा रडत होती आणि हसतही होती. मीही तेच करत होते, लपवण्यासारखं त्यात काय आहे?

शेवटी भाऊसाहेबानं माझा कागद पुढं ओढला. वाडीतल्या घरांची यादी, पुढं धोक्याचा रकाना. "मग आजी, तुमच्या घरापुढं धोका आहे असं लिहितो."

"त्ये कोरं ठिवा," आजी म्हणाली.

"अहो, पण आत्ताच तर तुम्ही..."

"पोरांचं सांगितलं म्या. माज्या घराचं न्हाई."

भाऊसाहेबानं माझ्याकडे बघितलं. नियमानं तो रकाना कोरा ठेवता येत नाही. तो भरायला शिकवायलाच मला तिथं पाठवलं होतं. मी म्हटलं, राहू द्या कोरा. नोकरीत असते तर नोटीस आली असती.

पाचव्या दिवशी मावशींनी पायलीभर इंद्रायणी माझ्या पिशवीत घातली आणि सुनंदानं फोन नंबर घेतला. आजी निरोपाला आली नाही. वाडीवरून हाक मारली म्हणे, पण मला बसमध्ये ऐकू आली नाही.

औसा, जुलै

हे सगळं लिहून ठेवलं आणि राहून गेलं. जुलैत आमच्याकडे पेरण्या खोळंबल्या होत्या, आभाळ नुसतं भरून यायचं आणि जायचं. टीव्हीवर मात्र लोणावळा पाण्यात. मी दिवसातून चारदा सुनंदाला फोन लावायचे, लागायचा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचाच आला. मागं पोरांचा कालवा आणि पत्र्यावरचा पाऊस.

"बाई, आमी समदी शाळेत हाय. कालपासनं. वाडीतली येकूनयेक."

मी विचारलं, "दरड आली का गं?"

"न्हाई ओ. ती न्हाई आली, आमीच आलो खाली. अजून कुनाचा हुकूम बी आला नव्हता. आत्याबाईच म्हनल्या, उटा. शेळ्या, कोंबड्या, समदं घेऊन आलोय. आबांच्या घरनं भात येतोय."

तेवढ्यात तिकडे फोनची ओढाओढ झाली आणि आजीचा आवाज कानात घुसला. फोन तोंडापासून लांब धरून ती ओरडत असणार.

"बाई! त्या कागदावर माजं घर कोरं हाय न्हवं?"

"हो आजी, कोरंच आहे."

"तितं लिव्हा आता. धोका हाय म्हनून." मग तिनं फोन तोंडाजवळ घेतला असावा. "आन् घर माजं हाय, जिमीन माजी हाय, त्ये बी लिव्हा. येकाच वळीत लिव्हा. न्हाई तर म्होरलं वाचत्याल आन् मागलं सोडत्याल."

मी लगेच भाऊसाहेबाला फोन लावला आणि शब्दन् शब्द सांगितला. तो पावसात कुठंतरी धावत होता, पण थांबला, लिहायला लागला. मग म्हणाला, "मॅडम, त्या रकान्यात एवढं बसत नाही."

म्हटलं, बसवा.